अंगण वाकडं, की नाचता येईना?

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. त्यातला कामाचा भाग असा:

"मुलं झोपली की मी ऑनलाइन पोकर खेळतो. नो-लिमिट होल्डेम, सहा जणांचं टेबल, पंचवीस-पन्नास सेंटचे ब्लाइंड. पहिल्या ३०,००० डावांत ६०० डॉलर वर होतो. गेल्या तीन महिन्यांत १५,००० डाव झाले आणि त्यात ७०० डॉलर गेले. राजांची जोडी तीन वेळा एक्क्यांच्या जोडीवर आपटली. परवा हातात राजा-गुलाम, फ्लॉपला राजा आला, तर समोर एक्का-राजा निघाला. सॉफ्टवेअर म्हणतं, ऑल-इनच्या हिशेबाने माझा तोटा ४५० डॉलरच व्हायला हवा होता. मित्र म्हणतो नशीब आहे, फिरेल. मला वाटतं, मला खेळताच येत नाही, आधीचं सगळं फुकटचं होतं. लवकर भरून निघावं म्हणून हल्ली दोनऐवजी चार टेबलं लावतो. पोकरच्या खात्यात १,३०० डॉलर उरलेत. बायकोला हे आकडे माहीत नाहीत. सोबत स्क्रीनशॉट जोडलाय. नशीब की खेळ, एवढंच सांगा."

पोकर न खेळणाऱ्यांसाठी आधी एवढंच: होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पानं उघडतात, आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). कॉल म्हणजे समोरच्याइतके पैसे घालणं, रेझ म्हणजे बाजी वाढवणं, ऑल-इन म्हणजे पुढ्यातले सगळे पैसे लावणं आणि पॉट म्हणजे मध्ये जमलेले पैसे.

स्क्रीनशॉट जोडलात हे बरं केलंत, कारण नुसत्या पत्रावरून उत्तर देता आलं नसतं.

आधी डॉलर बाजूला ठेवा आणि बीबीत बोलू. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीने लावावी लागणारी रक्कम, एक छोटी आणि एक मोठी. बीबी म्हणजे मोठा ब्लाइंड, तुमच्याकडे पन्नास सेंट. पहिल्या ३०,००० डावांत तुम्ही १,२०० बीबी कमावले, म्हणजे दर शंभर डावांमागे ४ बीबी. पुढच्या १५,००० डावांत १,४०० बीबी गेले, म्हणजे १४ बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायचे शंभर बीबी म्हणजे एक बाय-इन). एकूण ४५,००० डावांत २०० बीबी तोटा. दर शंभराला अर्धा बीबीसुद्धा नाही.

आता स्क्रीनशॉटमधला एक रकाना बघा, ज्याच्याकडे सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही: स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे निकाल सरासरीच्या किती वरखाली होतात याचं माप. तुमचं दर शंभर डावांमागे ९५ बीबी आहे. सहा जणांच्या होल्डेममध्ये ते साधारण ८० ते १०० च्या आसपास असतं, तेव्हा यात वावगं काही नाही. तुमच्या दराचा अंदाज किती चुकू शकतो त्याची कक्षा या आकड्यातून अशी काढायची: डावांना १०० ने भागा, वर्गमूळ घ्या, आणि ९५ ला त्याने भागा. ४५,००० भागिले १०० म्हणजे ४५०, त्याचं वर्गमूळ २१.२, आणि ९५ भागिले २१.२ म्हणजे साधारण ४.५. याच्या दुप्पट, म्हणजे ९, दोन्ही बाजूंना धरायचे. तात्पर्य, तुमचा खरा दर उणे साडेनऊपासून अधिक साडेआठपर्यंत कुठेही असू शकतो. या पट्ट्यात पोट भरण्याइतकं कमावणारा खेळाडूही बसतो आणि डोळे मिटून पैसे उधळणाराही बसतो. कक्षा निम्मी करायची तर चौपट डाव लागतात, १,८०,०००. तुमच्या गतीने, महिन्याला पाच हजार धरले, तर अजून सव्वादोन वर्षं. तोवर तुम्हीही बदलाल आणि समोरचे खेळाडूही.

हे फक्त हौशी लोकांचं दुखणं नाही. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी प्लुरिबस हा प्रोग्राम पाच-पाच व्यावसायिक खेळाडूंसमोर बसवला. १२ दिवस, १०,००० डाव. वरच्या पद्धतीने १०,००० डावांची चूक ९ बीबीच्या घरात जाते, म्हणजे जिंकला की हरला हे सांगायची सोय नाही. म्हणून त्यांनी नशिबाचा बराचसा भाग गणिताने वजा करणारी पद्धत वापरली. त्यानंतर निकाल आला दर शंभर डावांमागे ४.८ बीबी, चूक २.५. जगातल्या सर्वोत्तम मेंदूंना आणि यंत्रांना नुसत्या चिप मोजून उत्तर मिळालं नाही, तर आपल्याला तीन महिन्यांच्या आलेखावरून ते कुठून मिळणार?

तुमच्या मनात आता येईल की मग नशीबच म्हणायचं. थोडं थांबा.

तुमचा खरा दर ४ बीबी असता तर १५,००० डावांत ६०० बीबी मिळायला हवे होते. झाले उणे १,४००. फरक २,०००. एवढ्या डावांत स्टँडर्ड डेव्हिएशन येतं साधारण १,१६० बीबी, तेव्हा इतकं किंवा याहून वाईट होण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास. ऐकायला ही गोष्ट भयंकर वाटते. पण या हिशेबात एक खोट आहे आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: मोजायला सुरुवात तुम्ही शिखरावरून केलीत. 'गेले तीन महिने' कुठून सुरू झाले? जिथून घसरण लागली तिथूनच. डोंगराच्या माथ्यावर दोरी बांधून उतार मोजला तर तो खोलच भरणार. कॅलेंडरने तुकडे पाडा, १ तारखेपासून १ तारखेपर्यंत, किंवा दर ५,००० डावांचे. आलेखाकडे बघून पाडू नका.

खरा प्रश्न असा विचारायचा: दर शंभराला ४ बीबी कमावणारा माणूस, आज जिथे आहे तिथून पुढे कधी ना कधी १,४०० बीबी खाली जाईल याची शक्यता किती? त्याचं सूत्र आहे. दर गुणिले घसरण गुणिले २, भागिले ९५ चा वर्ग, आणि ई या स्थिरांकाचा तितका ऋण घात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. उत्तर २९ टक्के. दर २ असेल तर ५४ टक्के. दर ८ असेल, जो तुमच्या स्तरावर फार थोड्यांचा असतो, तरी ८ टक्के. १४ बाय-इनची घसरण चांगल्या खेळाडूच्या आयुष्यातही येते आणि बहुधा एकदाच येऊन थांबत नाही. तेव्हा 'मला खेळताच येत नाही' हा निष्कर्षही घाईचा. पैशाने तुमच्या बाजूनेही साक्ष दिलेली नाही आणि विरुद्धही नाही. साक्षीदार दुसरा शोधायला हवा.

तो शोधण्याआधी सॉफ्टवेअरच्या आलेखातल्या ऑल-इनच्या रेघेबद्दल, म्हणजे तुमच्या त्या ४५० डॉलरच्या हिशेबाबद्दल, कारण तिच्यावर तुमची सगळी भिस्त दिसते. प्रत्यक्ष तोटा १,४०० बीबी, रेघेप्रमाणे ९००. मधले ५०० बीबी नशिबाने नेले, यात वाद नाही. पण रेघ मोजते किती? रिव्हरच्या आधी सगळे पैसे मध्ये गेले, पत्ते उघडे पडले आणि मग उरलेली पानं कशी पडली, एवढंच. राजांची जोडी एक्क्यांवर आपटली तेव्हा राजांना १८ टक्के संधी होती. प्रत्येकी १०० बीबी, पॉट २००, तुमचा वाटा ३६, म्हणजे रेघ तुमच्या नावावर ६४ बीबी तोटा लिहिते आणि जणू तुम्ही चुकलात असं दाखवते. तीन वेळा म्हणजे १९२. हे नशीबच, पण रेघेला ते दिसत नाही. उलट बाजूही बघा. १५,००० डावांत राजांची जोडी साधारण ६८ वेळा येते, आणि पाच जणांपैकी कुणाकडे त्याच वेळी एक्के असण्याचा योग ४१ वेळांत एकदा. म्हणजे दीड-पावणेदोन वेळा हे व्हायचंच होतं. तीन किंवा जास्त वेळा होण्याची शक्यता २३ टक्के. चिडण्यासारखं आहे, दुर्मिळ नाही. आणि याच काळात तुमच्याकडे एक्के असताना समोरचा राजे घेऊन किती वेळा आला? पत्रात त्याचा उल्लेख नाही. फिल्टर लावून बघा. आपल्या पदरात पडलेलं दान लक्षात राहत नाही, ही तर माणसाची जुनी खोड.

आता दुसरा साक्षीदार. तुमच्या स्क्रीनशॉटच्या खालच्या भागात तो बसलाय.

व्हीपीआयपी, म्हणजे स्वखुशीने पैसे घालून खेळलेल्या डावांचं प्रमाण. आधीच्या ३०,००० डावांत २३ टक्के, आताच्या १५,००० डावांत २८. फ्लॉपआधी रेझ केलेल्या डावांचं प्रमाण, पीएफआर, तेव्हाही १९ आणि आताही १९. हे दोन आकडे शेजारी ठेवा. पत्ते बरेवाईट येण्याने व्हीपीआयपी हलतं, पण एवढ्या डावांत अर्धा टक्का, फार तर एक. पाच टक्के नशिबाने हलत नाहीत. ते तुम्ही हलवलेत. पैशाचा आकडा स्थिरावायला लाखो डाव लागतात. सवयीचा आकडा दोन-तीन हजारांत स्थिरावतो. म्हणून तपास नेहमी सवयींपासून सुरू करायचा.

रेझ वाढलं नाही, म्हणजे वाढलेले सगळे पाच टक्के नुसते कॉल आहेत. १५,००० चे पाच टक्के ७५० डाव. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही जे ७५० डाव शांतपणे टाकले असते त्यात तुम्ही आता पैसे घातलेत. त्या प्रत्येकात टाकून देण्यापेक्षा सरासरी फक्त ०.६ बीबी, म्हणजे तीस सेंट जास्त गेले असं धरलं, तरी ४५० बीबी होतात. रेघेने दाखवलेल्या ९०० चा निम्मा.

दुसरी जोडी शोडाउनची, म्हणजे शेवटी पत्ते उघडण्याची. फ्लॉप बघितल्यावर शेवटपर्यंत जाण्याचं प्रमाण २६ वरून ३० झालंय आणि तिथे जिंकण्याचं ५३ वरून ४८. या दोन्ही आकड्यांना एकत्रच वाचायचं. पहिला जागच्या जागी राहून फक्त दुसरा पडला असता तर आम्ही नशिबाकडे बोट दाखवलं असतं. पहिला वर आणि दुसरा खाली, याचा सरळ अर्थ तुम्ही कमकुवत पत्ते घेऊन शेवटपर्यंत जाताय. साधारण हजार शोडाउन झाले असतील. त्यात जिंकण्याचं प्रमाण नशिबाने दीड-दोन टक्के इकडेतिकडे होतं, पाच टक्के क्वचित.

तुम्ही ज्याला कमनशीब म्हणून पाठवलंय तो राजा-गुलामचा डाव इथे कामाला येतो. तुम्ही छोट्या ब्लाइंडमध्ये, बदामचा राजा आणि किलवरचा गुलाम. पहिल्या जागेवरच्या खेळाडूने २.५ बीबी केले, तुम्ही कॉल, मोठ्या ब्लाइंडने टाकले. पॉट ६. फ्लॉप राजा, नव्वी, चौकी. तो ४ लावतो, तुम्ही कॉल, पॉट १४. टर्नला सत्ती, तो १०, कॉल, पॉट ३४. रिव्हरला दुर्री, तो २५, कॉल. एक्का-राजा. गेले ४१.५ बीबी.

सगळा वाद रिव्हरच्या कॉलवर होतो. २५ घालून ८४ चा पॉट मिळणार, म्हणजे ३० टक्के वेळा जिंकलात तरी कॉल परवडतो. परवडला की नाही हे एका डावावरून ठरत नाही. असे चाळीस रिव्हर-कॉल काढलेत तर बारा जिंकायला हवेत. नशिबाने तीनेकचा फरक पडतो. नऊ आले तर काही बोलता येत नाही. सात आले तर संशय घ्या. चार आले तर तुमच्या स्तरावरचे लोक रिव्हरला मोठी बाजी बहुतेक खऱ्या पत्त्यांवर लावतात, हे जुनं निरीक्षण तुम्हाला महागात पडतंय असं समजा.

पण चूक रिव्हरला झालेलीच नाही. ती झाली पहिल्याच कॉलला. पहिल्या जागेवरून माणूस साधारण सहा डावांतून एकदाच, चांगल्या पत्त्यांवर रेझ करतो. त्याच्या त्या पत्त्यांत एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-राणी आणि मोठ्या जोड्या भरलेल्या असतात. तुम्हाला राजा लागला तर त्याच्याकडे मोठ्या पानासकट राजा असण्याची भीती, गुलाम लागला तरी तेच. शिवाय छोट्या ब्लाइंडला प्रत्येक फेरीत आधी बोलावं लागतं. वेगवेगळ्या रंगांचे राजा-गुलाम इथे सरळ टाकायचे. अर्धा बीबी सोडायचा. वर रेक आहे, म्हणजे साइट पॉटमधून कापून घेते ती रक्कम: बहुतेक साइटवर फ्लॉप पडला नाही तर रेक कापत नाहीत, पडला की कापतात. छोट्या ब्लाइंडमधून कॉल करून फ्लॉप बघणं म्हणजे रेक भरायला रांगेत उभं राहणं. म्हणून जाणते खेळाडू या जागेवरून तुमच्या स्तरावर बहुतेक वेळा रेझवर पुन्हा रेझ तरी करतात, नाही तर टाकतात.

हा डाव ऑल-इन झाला नाही, म्हणून रेघेत तो नशीब म्हणूनही दिसत नाही आणि चूक म्हणूनही नाही. नुसता तोटा. तुमच्या ९०० मध्ये असे किती दडलेत हे शोधायचं आहे.

शोधताना एक सापळा आहे. सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून 'राजा-गुलाम: तोटा', 'जोडी नव्व्यांची: तोटा' असं बघत बसू नका. सगळे डाव मिळूनही पैशाची साक्ष कच्ची असताना त्यातल्या चाळीस-पन्नास डावांची साक्ष काय लागणार? सर्वांत मोठे हरलेले पॉट काढून बघण्यातही अर्थ नाही. त्यात बहुतेक मोठ्या जोड्यांवर मोठ्या जोड्याच निघणार आणि तुमची खात्री पटणार की आपण कमनशिबी. त्याऐवजी असं करा. ज्यात तुम्ही पॉटमध्ये २० बीबीपेक्षा जास्त घातलेत असे सगळे डाव काढा, जिंकलेले आणि हरलेले दोन्ही. त्यातला दर दहावा डाव उचला, साठ होईपर्यंत. साठ जुन्या ३०,००० मधले, साठ नव्या १५,००० मधले. तारीख, शेवटचा निकाल आणि समोरच्याचे पत्ते झाकून मित्राला ते मिसळून द्यायला सांगा. त्याला तेवढं काम द्यायला हरकत नाही, फुकटचा धीर देण्यापेक्षा बरं. प्रत्येक डावात निर्णयाच्या जागी थांबून लिहा: इथे मी काय केलं असतं आणि का. मग प्रत्यक्ष काय केलंत ते बघा आणि खूण करा: ठीक, चूक, शंका. फ्लॉपआधीच्या निर्णयाला कुठल्या जागेवरून कोणते पत्ते खेळायचे याचा तक्ता लावा. पुढच्या निर्णयांना इक्विलॅबसारखं शक्यता काढणारं साधन किंवा सॉल्व्हर, म्हणजे योग्य खेळी काढून देणारा प्रोग्राम. रोज रात्री दहा, म्हणजे बारा रात्री. शेवटी तारखा उघडा. जुन्या साठात चुका नऊ आणि नव्यात अकरा निघाल्या तर खेळ तोच आहे. नऊ आणि वीस निघाल्या तर मित्राचं म्हणणं विसरा.

जिंकलेले डाव त्यात का घ्यायचे, हे वेगळं सांगायला नको. ज्या कॉलने परवा ४० बीबी गेले त्याच कॉलने मागच्या वर्षी ४० आणले असतील. चूक तेव्हाही चूकच होती. तुमच्या पहिल्या ३०,००० डावांचीही कक्षा काढून बघा: ४ बीबी, अधिक-उणे ११. त्या सहाशे डॉलरनाही नशिबाचा हात लागलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी नशिबातही बसत नाही आणि कौशल्यातही नीट बसत नाही. समोर कोण बसतंय? आधी तुम्ही कोणत्या वेळी खेळत होतात आणि आता कोणत्या? सॉफ्टवेअरमध्ये प्रतिस्पर्ध्यांचं व्हीपीआयपी काढा. टेबलावर चाळीसच्या वरचा एखादा तरी असेल तर तिथे पैसे आहेत. पाचही जण २२ ते २६ मधले असतील तर सगळे एकमेकांइतकेच जाणते आहेत आणि कमावणारा एकच उरतो, साइट. रेकचा रकाना उघडून दर शंभर डावांमागे तुम्ही किती बीबी भरलेत ते बघा. बहुतेकांना तो आकडा पहिल्यांदा बघताना घाम फुटतो. चार टेबलं लावणारा माणूस टेबल निवडत नाही, मिळेल त्या खुर्चीत बसतो.

त्या चार टेबलांकडे आता येतो. आमचा कयास असा: पहिले काही हजार डाव खरोखर वाईट गेले, ऑल-इन हरलात, राजे आपटले. तिथे खेळ तोच होता. मग 'भरून काढायचं' डोक्यात शिरलं, टेबलं दुप्पट झाली, प्रत्येक निर्णयाला मिळणारा वेळ निम्मा झाला आणि हात आखडता घेणं सुटलं. हे तपासता येतं. १५,००० डावांचे ५,००० चे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाचं व्हीपीआयपी काढा. ५,००० डावांतही हा आकडा सव्वा टक्क्याच्या आत राहतो. २४, २८, ३२ असं चढत गेलं असेल तर आमचा कयास खरा. तिन्हीत २८ असेल तर बदल घसरणीच्या आधीच झालाय, आणि मग तेव्हा काय शिकलात, कुणाचा व्हिडिओ बघितलात, ते आठवा. त्यानंतर आणखी एक फिल्टर: त्या रात्री दोन बाय-इन गेल्यानंतरचे डाव वेगळे काढा. तिथलं व्हीपीआयपी ३५ निघालं तर टिल्ट, म्हणजे हरल्यावर डोकं सुटून खेळणं, शोधायला आणखी कुठे जायला नको.

पैशांचं. १,३०० डॉलर म्हणजे सध्याच्या स्तरावर २६ बाय-इन. वरचंच सूत्र लावा: तुमचा खरा दर २ असला तरी हे सगळे पैसे कधी ना कधी जाण्याची शक्यता ३२ टक्के. एक पायरी खाली, दहा-पंचवीस सेंटवर, हेच पैसे ५२ बाय-इन होतात आणि शक्यता १० टक्क्यांवर येते. दर शून्य किंवा उणे असेल तर दोन्हीकडे शंभर टक्के, फक्त वेळ कमी-जास्त. खाली उतरायला लाज वाटत असेल तर ती गिळा. खाली दोन टेबलं, एका वेळी तासभर, दोन बाय-इन गेले की बंद. छोट्या ब्लाइंडमधून रेझवर कॉल पूर्ण बंद. फ्लॉपआधीचा तक्ता छापून शेजारी. व्हीपीआयपी २३-२४ वर आणायचं. पैशाचा आलेख तोवर लपवून ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते.

बायकोला आकडे सांगा. न्यू जर्सीत परवानाधारक साइटवर खेळणं २०१३ पासून कायदेशीर आहे, तेव्हा लपवण्यासारखं यात काही नव्हतं. लपवायला लागलात ते तोटा सुरू झाल्यावर. हरलेलं भरून काढायला जास्त खेळणं आणि घरी आकडा न सांगणं, ही दोन्ही जुगाराच्या व्यसनाची ओळखीची लक्षणं आहेत. महिनाभर बंद करून बघा. जमलं नाही तर सवयींचे तक्ते काढत बसू नका, १-८००-गॅम्बलर ही तुमच्या राज्यातली मोफत हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, पोकर त्यात आलं. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंच्या टेबलांवर बसणाऱ्यांनी वरचं गणित वेगळ्या कारणासाठी वाचावं. समोरासमोरच्या खेळात तासाला पंचवीस-तीस डाव होतात. महिन्यातून एकदा पणजीला जाऊन आठ तास बसलात तरी वर्षाला तीन हजारांच्या आत. पंधरा-वीस वर्षांत आपल्या या वाचकाइतके डाव होतील. तेव्हा 'मी गोव्यात नेहमी जिंकतो' किंवा 'मला तिथलं पाणी मानवत नाही' या दोन्ही वाक्यांची किंमत सारखीच. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर नाही, पण खिशात वही चालते: मोठ्या पॉटमध्ये पत्ते काय होते, किती चिप होत्या, का कॉल केला. निकाल न लिहिता.

एडिसनकर, खालच्या स्तरावर ३,००० डाव झाले की तीन आकडे पाठवा: व्हीपीआयपी, शोडाउनपर्यंत जाण्याचं प्रमाण, आणि छोट्या ब्लाइंडमधून रेझवर केलेल्या कॉलची संख्या. झाकून तपासलेल्या एकशेवीस डावांत जुन्या चुका किती आणि नव्या किती, तेही. किती जिंकलात किंवा हरलात ते कळवू नका.